तंबूतल्या ‘छोटा जवान’पासून ‘पाणी’पर्यंत

साल १९६५, महिना फेब्रुवारी. परभणीत उरुस भरलाय. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याकडे निघालेल्या गर्दीतून तुम्ही वाट काढताय. लोबानाचा धूर, तळणीतली जिलबी, बैलगाड्यांच्या चाकांनी उडालेला काळ्या मातीचा धुरळा, सगळ्याचा मिळून एक वास नाकात बसलाय. टांग्यावर बांधलेला कर्णा मराठीतून ओरडतो, मग दखनीतून ओरडतो. आज रातच्याला खेळ आहे. तुमच्या खिशातल्या नोटा इथं कुणी घेणार नाही, तेव्हा त्या बाहेर काढू नका. शेजारचा म्हातारा अजूनही बोलण्याच्या ओघात निजामाच्या हाली शिक्क्याचा हिशेब सांगतो. निजामाचं राज्य जाऊन सतरावं वर्ष चालू आहे, महाराष्ट्राला अजून पाच वर्षं पुरी व्हायची आहेत.

कनातीची कड उचलून तुम्ही टुरिंग टॉकीजच्या आत शिरता. मध्ये दोरी बांधलीय, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. बसायला जमीनच. शहाण्या लोकांनी घरून पोतं आणलंय. बाहेर डिझेलचं इंजिन धडधडतंय आणि प्रोजेक्टर एकच असल्यानं रीळ संपलं की खेळ थांबतो, दिवा लागतो, शेंगदाणेवाला आत येतो. हा थांबा कुणाला खटकत नाही. तेवढ्या वेळात आधी काय झालं आणि पुढं काय होणार यावर तंबूभर चर्चा होते. पटकथा म्हणजे काय हे ज्याला शिकायचं असेल त्यानं अशा तंबूत रीळ बदलताना कान उघडे ठेवून बसावं, असं माझं ठाम मत आहे. पुढचं कळायची तगमग असेल तर गोष्ट जमली. शेंगदाण्यांचीच चर्चा होत असेल तर फसली.

पडद्यावर राम गबाले यांचा ‘छोटा जवान’ लागलाय. चित्रपट १९६३ चा, पण मराठवाड्याच्या तंबूत यायला पेट्यांना वेळ लागतो. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या मीटरगेजच्या गाडीनं येतात, एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात आणि प्रत्येक गावी त्यांच्यावर आणखी चार ओरखडे पडतात. चीनचं युद्ध होऊन सव्वादोनच वर्षं झालीत. गदिमांचं गीत, वसंत देसाईंची चाल, महेंद्र कपूर यांचा आवाज, आणि त्यात पडद्यावर एक मुलगा. तुमच्या पुढ्यात बसलेली म्हातारी डोळ्याला पदर लावते. दोरीपलीकडून कुणीतरी म्हणतं, ‘‘माय, लेकरू रडूलालंय की गं!’’ पोरगं पडद्यावरचं, पण काळजी खरी.

त्या मुलाचं नाव महेश कोठारे. मुंबईचा. वडील अंबर कोठारे रंगभूमीवरचे नट. तंबूतल्या कुणालाही या नावाशी देणंघेणं नाही, त्यांना फक्त तो छोटा जवान माहीत आहे. पुढची साठ वर्षं एकट्या तुम्हालाच ठाऊक आहेत, म्हणून तुम्ही त्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघताय.

याच १९६५ साली, १८ ऑक्टोबरला, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी करणार आहेत. तंबूतल्या शेतकऱ्यांच्या तोंडी पिक्चर सुटल्यावर तोच विषय निघेल, गोदावरीचं पाणी, कालवा, आपल्या शिवारात कधी येणार. ही तारीख ध्यानात ठेवा.

आता पडद्याच्या पलीकडे चला. १९६८ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या ‘राजा और रंक’चं चित्रीकरण चालू आहे. निर्माते एल. व्ही. प्रसाद, दिग्दर्शक कोटय्या प्रत्यगात्मा. गोष्ट मार्क ट्वेनच्या कादंबरीवरून घेतलेली, एक राजपुत्र आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक गरीब पोर. दोन्ही भूमिका महेशच्याच. सेटवर तुम्ही कोपऱ्यात उभे राहा, वायरींना पाय लावू नका. दिव्यांची धग अशी की मेकअपखाली घाम उकळतो. आणि बहुतेक वेळ चाललाय तो नुसता वाट बघण्यात.

दोन्ही मुलं एका चौकटीत कशी दिसणार? त्या काळची रीत अशी होती. जडशीळ कॅमेरा जागच्या जागी घट्ट बसवायचा. भिंगापुढची अर्धी बाजू काळ्या पट्टीनं झाकायची आणि मुलाला राजपुत्राच्या कपड्यांत उघड्या अर्ध्या बाजूला उभं करून प्रसंग टिपायचा. मग फिल्म मोजून, अगदी फ्रेमच्या हिशेबानं, उलटी गुंडाळायची. पट्टी दुसऱ्या बाजूला लावायची. तोवर मुलानं कपडे, केस, चेहरा बदलून भिकाऱ्याचा पोर होऊन यायचं आणि त्याच फिल्मवर दुसरी अर्धी बाजू भरायची. कॅमेरा केसभर हलला तर मधली शिवण पडद्यावर उघडी पडणार. मुलानं ती न दिसणारी रेघ ओलांडली तर हात कापल्यासारखा दिसणार. आणि तो बोलतोय कुणाशी? कुणाशीच नाही. समोर कुणीतरी एक खूण धरून उभा आहे, तिथं दुसरा मुलगा आहे असं मानून त्या उंचीवर नजर लावायची आणि मोजून थांबायचं, कारण मघाशी आपणच दिलेलं उत्तर त्या थांब्यात बसायचंय.

हे नीट बघा. मोठ्या नटाला हेच काम तंत्रज्ञ समजावून सांगतात आणि तो ते विसरून जातो. पोराला त्यात खेळ दिसतो, म्हणून ते त्याच्या हाडात मुरतं. कॅमेरा खोटं कसं बोलतो आणि बघणारा ते खरं का मानतो, हे त्याला कुठल्याही शाळेच्या आधी कळतं. त्या मुलाचं दिग्दर्शन इथंच सुरू झालं, असं मी मानतो.

आणि तंबूत परत या, १९६९-७० च्या सुमाराला. निरूपा रॉय आणि ते पोर पडद्यावर समोरासमोर येतात तेव्हा दोरीच्या दोन्ही अंगांना नाक ओढल्याचा आवाज येतो. दोन मुलं एकच आहेत हे कुणी मान्य करायला तयार नाही. ‘‘जुळे असतील,’’ असा निकाल लागतो.

१९७० चा ‘घर घर की कहानी’ झाला की बालकलाकाराचं वय सरतं. आवाज फुटतो, उंची वाढते, आणि ज्या चेहऱ्यावर लोक जीव ओवाळत होते तो चेहरा उरत नाही. हा काळ फार क्रूर असतो. कित्येक गुणी मुलं इथंच संपली. महेश कोठारे विज्ञानाचे पदवीधर झाले, मग कायदा शिकले, काही काळ वकिलीही केली. त्या वर्षांत परभणीत तुम्हाला करमणूक फारशी सापडणार नाही. १९७२ चा दुष्काळ आहे. गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर उतरलीत, लहान लेकरांना सुकडी मिळते, तांबडी मिलो ज्वारी घशाखाली उतरत नाही. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. तेही लोकांनी झगडून मिळवलेलं. तंबूवाले अशा वर्षी इकडं फिरकत नाहीत. आपणही पुढं सरकू.

१९८५. परभणीत आता कायमची चित्रपटगृहं आहेत, आणि त्यांना नवा वैरी मिळालाय तो व्हिडिओ. गणपतीत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, वर्गणी काढून रातभर तीन-तीन पिक्चर बघायचे, पहाटे डोळे चोळत शेतावर जायचं. बहुतेक कॅसेटी हिंदी. मराठी चित्रपट म्हटलं की तमाशा, नाही तर सासुरवास, अशी तरुण पोरांची समजूत झालेली. अशात फलकावर ‘धुमधडाका’चं पोस्टर लागतं. दिग्दर्शक महेश कोठारे. नायकही तेच. बत्तीस वर्षांच्या आतबाहेरच्या या माणसाचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट आहे.

तुम्ही तिकीट काढून आत जा. गोष्ट खरं तर प्रवास करून आलीय. श्रीधर यांनी १९६४ मध्ये तमिळमध्ये ‘काधलिक्क नेरमिल्लै’ केला, १९६६ मध्ये त्याचा हिंदीत ‘प्यार किये जा’ झाला, आणि आता ती मराठी कपडे घालून आलीय. नुसतं भाषांतर केलं असतं तर ती पडली असती. इथं शरद तळवलकरांचा धनाजी रामचंद्र वाकडे अस्सल मराठी श्रीमंत झालाय, अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर नुसत्या घशातल्या आवाजावर थिएटर डोक्यावर घेतो, आणि लक्ष्मीकांत बेर्डे नावाचा किडकिडीत पोरगा वाकड्यांचा मुलगा होऊन आलाय. या पोराला सिनेमा काढायचाय. बापाकडे पैसे मागतो आणि बाप देत नाही. मुलगा गोष्ट ऐकवतो, नुसता आवाज आणि हातवारे यांच्या बळावर, आणि बाप भेदरत जातो. संगीत नाही, प्रकाशाची करामत नाही, समोर फक्त एक सांगणारा आणि एक ऐकणारा. तुमच्या शेजारचा पोरगा हसून हसून खुर्चीवरून घसरतो. मला विचाराल तर सिनेमा लिहिण्याविषयी मराठीत इतका चांगला धडा दुसरा नाही. गोष्ट आधी कानात जमावी लागते, मग डोळ्यात.

या चित्रपटानं एक गोष्ट केली जी समीक्षकांनी पुरेशी मोजली नाही. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत इथल्या पोरांना कळलं की मराठीतही असा धिंगाणा होऊ शकतो. त्यानंतर १९८७ चा ‘दे दणादण’, १९८९ चा ‘थरथराट’ आणि १९९० चा ‘धडाकेबाज’ आले. ‘धडाकेबाज’ मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. पडदा दोन्ही बाजूंनी रुंद होतो आणि त्या रुंदीत लक्ष्मीकांत बेर्डे बाटलीत मावेल एवढा होऊन उभा राहतो. एकाच नटाचे दोन आकार एका चौकटीत! अर्धं भिंग झाकून दोनदा उभा राहिलेला तो मुलगा आता कॅमेऱ्याच्या मागं उभा राहून दुसऱ्याला उभं करतोय.

एप्रिल १९९३ ला नक्की थांबा. ‘झपाटलेला’ लागलाय. बाहुलीत गुंडाचा आत्मा शिरतो ही कल्पना १९८८ च्या ‘चाईल्ड्स प्ले’ या हॉलिवूडपटातली. पण इथला बाहुला तात्या विंचू रामदास पाध्ये यांच्या हातून घडला आणि तो पुरता आपला झाला. पाध्ये बोलक्या बाहुल्यांच्या घराण्यातले. बाहुलीचा जबडा किती उघडला की शब्द खरा वाटतो आणि मान किती उशिरा वळली की भीती वाटते, हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. दिग्दर्शकाला माहीत आहे ते वेगळं. बाहुलीला घाबरणारा नट समोर नसेल तर बाहुली म्हणजे नुसतं लाकूड आणि कापड. म्हणून कॅमेरा लक्ष्मीकांतच्या डोळ्यांवर जातो. रिकाम्या जागी नजर लावून समोर कुणीतरी आहे असं पटवून द्यायचं हे काम दिग्दर्शक स्वतः लहानपणी करून बसलाय. थिएटरातली लेकरं खुर्चीवर पाय वर घेऊन बसलीत. त्या उन्हाळ्यात किती घरांत माळ्यावरच्या बाहुल्या गाठोड्यात बांधल्या गेल्या असतील, याची कल्पना करा.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मराठवाड्यातल्या घराघरांत छपराखाली झोपायची भीती शिरली. जानेवारी १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मोठ्या माणसांची मनं ढवळून निघालेल्या त्या काळात लेकरांसाठी एक चित्रपट आला, ‘माझा छकुला’. गुंडांना पुरून उरणारा एक लहानगा. दिग्दर्शक महेश कोठारे आणि छकुला त्यांचा मुलगा आदिनाथ, वय दहाच्या आसपास.

या चेहऱ्याकडेही जरा जास्त वेळ बघा. एका घरात तीस वर्षांच्या अंतरानं तेच घडतंय. फरक एवढाच की या मुलाला सेटवर वाट बघताना समोर वडील काम करताना दिसतात. पुढं तो वडिलांच्या चित्रपटांवर साहाय्यक झाला, २०१० च्या ‘वेड लावी जीवा’त नायक झाला, २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ या थ्रीडी चित्रपटात तात्या विंचूसमोर उभा राहिला. ‘८३’मध्ये तो दिलीप वेंगसरकर होता आणि २०२२ च्या ‘चंद्रमुखी’त दौलत देशमाने. ही सगळी कामं लोकांनी बघितलीत, त्यावर मी अधिक लिहीत नाही. मला त्याच्याविषयी सांगायचंय ते यापलीकडचं आहे.

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला निघालीय. परभणीच्या गल्ल्यांत प्लास्टिकच्या घागरी रांगेत लावलेल्या आहेत, रांगेत माणसं नाहीत, घागरीच आहेत, कारण माणसं सावलीला गेलीत. गोदावरीच्या पात्रात गंगाखेडला, जनाबाईंच्या गावी, वाळू चमकते. तिथून रस्ता पालमकडे जातो, पालम संपलं की जिल्हा संपतो आणि नांदेडचा लोहा तालुका लागतो. त्याच तालुक्यात नागदरवाडी आहे. डोंगराळ वस्ती. पाणी नाही म्हणून या गावात पोरगी द्यायला कुणी तयार होत नसे. आईबाप विचारत, आमच्या लेकीनं जन्मभर घागरी वाहायच्या का? हनुमंत केंद्रे या तरुणानं गाव जमवलं आणि पाणलोटाची कामं उभी केली. पाणलोटाचं गणित सोपं आहे आणि निभावणं अवघड. वरून, माथ्यापासून सुरुवात करायची. उतारावर एका पातळीत चर खणायचे म्हणजे धावतं पाणी चालू लागतं. ओघळीत दगडी बांध घालायचे म्हणजे चालतं पाणी थांबतं. खाली नाल्याला बांध घातला की थांबलेलं पाणी जिरतं. मग कुठं विहिरीला ओल येते. यातली एक पायरी चुकवली तर पहिल्याच पावसात सगळं वाहून जातं, आणि काम करणाऱ्यांत एकी नसेल तर पहिली पायरीसुद्धा होत नाही.

आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला तो याच हनुमंत केंद्रे यांच्यावर. ‘पाणी’. लेखन नितीन दीक्षित यांचं, हनुमंताची भूमिका स्वतः आदिनाथची, निर्मिती प्रियांका चोप्रांच्या संस्थेची. जो मुलगा बाहुल्या, भुतं आणि थ्रीडी चष्म्यांत वाढला त्यानं पहिल्या चित्रपटात त्यातलं काहीच वापरलं नाही. लग्न ठरेल की नाही या एका प्रश्नाला त्यानं गावच्या विहिरीला बांधून टाकलं. पटकथेची ही पकड मला फार मोलाची वाटते. दुष्काळावरचे माहितीपट आपण आदरानं बघतो आणि विसरतो. इथं रीळ बदलायला दिवा लागला असता तर तंबूत चर्चा झाली असती, ‘पोरगी देतील का रे?’ सलग समतल चर हा विषय असा प्रेक्षकाच्या घरात येतो.

ऑगस्ट २०१९. सहासष्टावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि ‘पाणी’ला पर्यावरण संवर्धनाचा पुरस्कार मिळाला. आता तुम्हाला वाटेल, लगेच लागेल. नाही. मधे महासाथ आली, थिएटरांना कुलुपं लागली, वर्षं सरली. राष्ट्रीय पुरस्काराचा शिक्का असलेल्या मराठी चित्रपटाला पडद्यासाठी पाच वर्षं थांबावं लागलं, ही गोष्ट आपल्या सगळ्यांना लागली पाहिजे. ज्या माणसांची ती गोष्ट होती त्यांनी त्या काळात आणखी पाच उन्हाळे काढले.

अखेर तो प्रदर्शित झाला. तारीख १८ ऑक्टोबर २०२४. जायकवाडीच्या पायाभरणीला त्या दिवशी एकोणसाठ वर्षं पुरी झाली. धरण झालं, डावा कालवा परभणीच्या शिवारात आला, तरीही मराठवाड्यातल्या वाडीला आपलं पाणी आपणच अडवावं लागतं, हे सांगणारा चित्रपट नेमका त्या तारखेला यावा, हा योगायोग मला विसरता येत नाही.

मागं वळून बघितलं तर परभणीच्या प्रेक्षकानं कोठारेंच्या घराकडून पुष्कळ घेतलं आणि दिलंही. मुंबईच्या सेटवर घडलेली करामत खरी मानून डोळ्याला पदर लावणारे, बाहुलीला घाबरणारे आणि लक्ष्मीकांतसाठी शिट्ट्या मारणारे इकडचे लोक नसते तर ‘धुमधडाका’नंतरचं काहीच उभं राहिलं नसतं. इतकी वर्षं मराठवाडा खुर्चीवर बसून होता. ‘पाणी’त तो पडद्यावर आला, आपल्या बोलीसकट आणि आपल्या घागरींसकट. माझ्या लेखी कोठारे घराण्याच्या साठ वर्षांतलं सगळ्यांत मोठं काम हेच.

तुम्ही परत आपल्या काळात आलात. ‘पाणी’ बघितला नसेल तर बघा, आणि एकट्यानं मोबाइलवर नको, घरातल्या लेकरांना शेजारी घेऊन बघा. मध्येच थांबवून विचारा, पुढं काय होईल? जे लेकरू सगळ्यांच्या आधी उत्तर देईल त्याच्या हाती वही द्या आणि आपल्या गावची गोष्ट लिहायला बसवा.